मूल हवंय आणि अँक्झायटीची गोळी सुरू आहे? या चुका टाळा

‘प्रेग्नन्सीत सगळ्यात सेफ अँटिडिप्रेसंट कुठलं?’ मूल हवं असलेली, पॅनिक अटॅक किंवा सततच्या काळजीसाठी गोळ्या घेणारी जवळजवळ प्रत्येक बाई हे आधी गूगलला विचारते आणि मग डॉक्टरांना. (अँक्झायटीवरही बहुधा अँटिडिप्रेसंटच देतात.) प्रश्न रास्त आहे, पण अर्धा आहे. राहिलेला अर्धा असा, की तुमची अँक्झायटी आजवर कुठल्या गोळीने, किती डोसवर आटोक्यात आली? हे कागदावर लिहून न नेता निवड करायला बसलात तर पुढच्या बहुतेक चुका त्यातूनच निघतात.

टेस्टवर दोन रेघा दिसल्या आणि गोळी बंद केली

ही सगळ्यात जास्त वेळा होणारी चूक, आणि ती प्रेमापोटी होते म्हणून तिच्यावर रागावताही येत नाही. पण हिशोब बघा. पाळी चुकून टेस्ट करेपर्यंत गर्भ राहून साधारण दोन आठवडे झालेले असतात. तोवरच्या गोळ्या पोटात गेलेल्याच आहेत. त्या दिवशी झटक्यात बंद करून बाळाचा फायदा होईल याची खात्री नाही, आईचं नुकसान मात्र चार दिवसांत दिसू लागतं. चक्कर, मळमळ, डोक्यात करंट बसल्यासारखं होणं, झोप उडणं. पॅरोक्सेटीन आणि व्हेन्लाफॅक्सिन ही अँटिडिप्रेसंट शरीरातून लवकर निघून जातात, त्यामुळे त्यांच्या बाबतीत हा त्रास जास्त. त्यात पहिल्या तिमाहीच्या उलट्या मिसळल्या की कशामुळे काय होतंय हे कुणालाच कळत नाही, आणि घरचे ‘डोहाळे कडक आहेत’ म्हणून सोडून देतात.

२००६ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, डिप्रेशनचा जुना इतिहास असलेल्या ज्या बायकांनी गरोदरपणात औषध बंद केलं त्यांच्यापैकी ६८ टक्के जणींचा आजार उलटला. ज्यांनी चालू ठेवलं त्यांच्यात हे प्रमाण २६ टक्के होतं. नंतरच्या दुसऱ्या एका अभ्यासात मात्र एवढा फरक दिसला नाही. पहिल्या अभ्यासातल्या बायका मोठ्या मानसोपचार केंद्रांतल्या, वारंवार आजारी पडलेल्या होत्या. दुसऱ्यातल्या बऱ्याच जणींचा आजार सौम्य होता. म्हणजे हा आकडा सरसकट सगळ्यांना लावायचा नाही. आधी एकदा गोळी सोडून पाहिली आणि महिन्याभरात पुन्हा लोकलमध्ये चढवेनासं झालं असेल, तर तुम्ही पहिल्या गटाच्या जवळच्या. पाच वर्षांपूर्वी एकदाच त्रास झाला आणि गेली दोन वर्षं अगदी ठणठणीत असाल, तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली, गर्भ राहण्याआधी, हळूहळू डोस उतरवून बघणं हा खरा पर्याय आहे. अँक्झायटी सौम्य असेल तर सीबीटी प्रकारचं, म्हणजे विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारं, समुपदेशन गोळीशिवायही पुरतं, फक्त त्याला तीनेक महिने द्यावे लागतात. हे सगळं टेस्टच्या आधी करायचं काम आहे.

टेस्ट आली असेल तर? त्याच दिवशी सायकियाट्रिस्टना फोन. गोळी तोवर चालू.

इथे एक वेगळं नाव लक्षात ठेवा : व्हॅल्प्रोएट, किंवा डायव्हॅल्प्रोएक्स. ते अँटिडिप्रेसंट नाही, पण मूड सांभाळायला काहींना सोबत दिलेलं असतं. गर्भावर त्याचे दुष्परिणाम गंभीर आहेत. साधारण दहापैकी एका बाळात जन्मजात व्यंग आढळतं, शिवाय बुद्धीच्या वाढीवरही परिणाम होतो. तुमच्या चिठ्ठीवर ते असेल आणि मूल हवं असेल, तर पुढच्या अपॉइंटमेंटपर्यंत थांबू नका. बदल होईपर्यंत गर्भनिरोधक वापरा. ते सुरू असतानाच दिवस गेले असतील तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा, स्वतःहून बंद करू नका.

पाकिटाची मागची बाजू वाचलीच नाही

आपल्याकडची खास अडचण ही आहे, आणि परदेशी लेखांत ती सापडत नाही. भारतात अँक्झायटीच्या गोळ्या मोठ्या प्रमाणावर कॉम्बिनेशनमध्ये विकल्या जातात. ब्रँडच्या नावामागे ‘प्लस’ किंवा ‘फोर्टे’ अशी शेपटी असते आणि पेशंटला वाटतं की तीच गोळी, थोडी स्ट्राँग. प्रत्यक्षात एसिटालोप्रॅम या अँटिडिप्रेसंटच्या १० मिलिग्रॅमबरोबर क्लोनाझेपाम हे गुंगी आणणारं, शांत करणारं औषध ०.५ मिलिग्रॅम असतं. कुठे त्याच प्रकारचं एटिझोलाम असतं, कुठे धडधड कमी करणारं प्रोप्रॅनोलॉल. पचनाच्या तक्रारी आणि ‘टेन्शन’ घेऊन फॅमिली डॉक्टरांकडे गेलेल्यांना फ्लुपेंटिक्सॉल आणि मेलिट्रासेन, किंवा क्लोरडायझेपॉक्साइड आणि अमिट्रिप्टिलिन अशा जोड्याही वर्षानुवर्षं चालू राहिलेल्या दिसतात.

गरोदरपणाचा विचार करताना यातलं प्रत्येक औषध वेगळं मोजावं लागतं. एसिटालोप्रॅमबद्दल बरीच माहिती जमा झाली आहे आणि ती एकंदर दिलासा देणारी आहे. क्लोनाझेपाम, अल्प्राझोलाम या गटातली औषधं रोज, शेवटच्या महिन्यांपर्यंत घेतली तर जन्मल्यावर बाळ सुस्त असू शकतं, दूध नीट ओढत नाही, श्वास मंद होऊ शकतो. प्रोप्रॅनोलॉल दीर्घकाळ घेतल्यास बाळाची वाढ कमी राहण्याची आणि जन्मानंतर साखर किंवा हृदयाचे ठोके खाली जाण्याची शक्यता असते. मेलिट्रासेनच्या जोडीबद्दल गरोदर बायकांमधली भरवशाची माहिती फारच तोकडी आहे, त्यामुळे ‘मला हीच सूट होते’ हा युक्तिवाद तिथे कमकुवत पडतो.

कॉम्बिनेशनची दुसरी गोची म्हणजे एकाचा डोस दुसऱ्याला बांधलेला असतो. सातव्या महिन्यात एसिटालोप्रॅम वाढवायची वेळ आली तर क्लोनाझेपामही आपोआप वाढतं. म्हणून प्लॅनिंगच्या काळात डॉक्टरांना स्पष्ट सांगा, की दोन औषधं दोन वेगळ्या गोळ्यांत लिहून द्या. मग एक कायम ठेवून दुसरं काही आठवड्यांत टप्प्याटप्प्याने उतरवता येतं. क्लोनाझेपामसारखी औषधं बरेच महिने घेतली असतील तर एकदम थांबवणं धोक्याचं आहे, फिट येऊ शकते. मेडिकलवाल्याने ‘हीच कंपनी नाही, दुसरी देतो’ म्हटलं तर दोन्ही पाकिटांवरची घटकांची नावं आणि मिलिग्रॅम जुळतात का, हे दुकानातच उभं राहून तपासा. त्याला वेळ नसेल तर नसू दे.

‘सर्ट्रालीनच द्या’ असा हट्ट

थोडं वाचलेल्या पेशंटची ही चूक. नव्याने औषध सुरू करायचं असेल, आधी कुठलंच घेतलं नसेल, तर सर्ट्रालीन हे अँटिडिप्रेसंट बहुतेक तज्ज्ञांचा पहिला पर्याय असतं, आणि त्याला कारणं आहेत : गरोदरपणातल्या वापराचा अनुभव मोठा, वारेतून बाळाकडे तुलनेने कमी जातं, आईच्या दुधात फार थोडं उतरतं. अँक्झायटीच्या पेशंटला ते बहुधा २५ मिलिग्रॅमपासून सुरू करतात, कारण पहिल्या दोन आठवड्यांत अशा औषधांनी घाबरेपणा उलट वाढू शकतो. हे आधी माहीत नसलं की अनेकजणी पाचव्या दिवशी गोळी सोडतात.

पण चार वर्षं एसिटालोप्रॅमवर तुम्ही छान असाल, आणि पूर्वी सर्ट्रालीन घेऊन काही उपयोग झाला नसेल, तर केवळ यादीत पहिलं आहे म्हणून त्याच्याकडे जाण्यात शहाणपण नाही. नवं औषध लागू पडायला चार ते सहा आठवडे जातात, अँक्झायटीत कधी जास्तही. लागू पडलं नाही तर बाळाला दोन औषधांचा संपर्क आणि वर आईच्या आजाराचाही. अदलाबदल करायचीच असेल तर गर्भ राहण्याआधी सहा महिने हातात ठेवून करा.

पॅरोक्सेटीनबद्दल २००५ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, हृदयातल्या जन्मजात दोषांचा इशारा दिला होता. पुढे २०१४ मध्ये जवळपास साडेनऊ लाख गरोदरपणांच्या नोंदी तपासल्या गेल्या. आईचा मूळ आजार आणि इतर फरक हिशोबात धरल्यावर तो धोका ठळकपणे उरला नाही. तरीही नव्याने सुरू करताना डॉक्टर ते सहसा टाळतात, आणि माझ्या मते बरोबरच करतात, कारण ते सोडताना होणारा त्रासच नकोसा असतो. व्हेन्लाफॅक्सिन, ड्युलॉक्सेटीन चालत नाहीत असं नाही. मात्र व्हेन्लाफॅक्सिनने बीपी वाढू शकतं, तेव्हा बीपीचा इतिहास असेल तर आधी सांगा.

इंग्रजी अक्षरावरून निकाल लावला

औषधांच्या वेबसाइटवर अजूनही ‘प्रेग्नन्सी कॅटेगरी सी’ किंवा ‘डी’ असं, म्हणजे गरोदरपणातल्या धोक्यानुसार औषधाला दिलेलं अक्षर, लिहिलेलं सापडतं. शाळेच्या ग्रेडसारखं वाचलं की घाबरायला होतं. अमेरिकेत, जिथे ही पद्धत निघाली, तिथे २०१५ पासून ती मोडीत काढायला घेतली, कारण ती दिशाभूल करत होती. ‘सी’मध्ये ज्यांच्याबद्दल माणसांतला पुरेसा पुरावा नाही अशी औषधंही होती आणि लाखो बायकांनी घेतलेलीही.

टक्क्यांच्या बाबतीतही असंच होतं. ‘धोका दीडपट’ असं वाचलं की छातीत धस्स होतं. नवजात बाळाच्या फुप्फुसांतला रक्तदाब वाढण्याचा एक दुर्मीळ आजार आहे. तो साधारण हजारात दोन बाळांना होतो. शेवटच्या महिन्यांत आईने अँटिडिप्रेसंट घेतलं असेल तर हजारात तीनच्या आसपास. दीडपट हे खरं, आणि हजारातल्या ९९७ बाळांना तो होत नाही हेही खरं. कुठलंही औषध न घेणाऱ्या बायकांमध्येसुद्धा शंभरातल्या दोन-तीन बाळांत काही ना काही जन्मजात दोष असतोच. तुलना शून्याशी करू नका, या आकड्याशी करा. आणि उपचार न केलेल्या अँक्झायटीचाही स्वतःचा हिशोब असतो. अपुरे दिवस, कमी वजन, बाळंतपणानंतरचं डिप्रेशन यांच्याशी तिचा संबंध दिसून आला आहे. ‘काहीच न घेणं’ म्हणजे धोका नसणं, असं नाही.

अर्ध्या डोसवर समाधान

बाळासाठी म्हणून १० ची ५ करून घेणाऱ्या बऱ्याच. याला मी सगळ्यात वाईट तडजोड म्हणेन : बाळाकडे औषध जातंच, आणि आईला पुरत नाही. शिवाय गरोदरपणात शरीरातलं पाणी आणि रक्त वाढतं, यकृताचा औषध पचवण्याचा वेग बदलतो, आणि काही औषधांची रक्तातली पातळी शेवटच्या तिमाहीत खाली येते. तेव्हा डोस वाढवावा लागला तर ती तुमची हार नाही.

‘नॅचरल’ म्हणून चालतंय

अश्वगंधा गरोदरपणात घेऊ नये. ती ‘घरचीच’ आहे आणि मैत्रिणीला तिच्यामुळे झोप लागते, याने काही बदलत नाही. झोपेचं मिश्रण, मेंदूचं टॉनिक, परदेशातून आलेल्या हर्बल कॅप्सूल, सगळं डॉक्टरांना दाखवा. फॉलिक ॲसिड मात्र गर्भ राहण्याआधीपासून घ्या, रोज निदान ४०० मायक्रोग्रॅम. आणि हो, थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या. धडधड आणि घाबरेपणाचं मूळ कधी कधी तिथेच सापडतं, आणि मग गोळीची चर्चाच वेगळी होते.

गायनॅकना सांगितलं नाही, सायकियाट्रिस्टना विचारलं नाही

एका फाइलमध्ये मानसोपचाराची चिठ्ठी, दुसरीत सोनोग्राफी, आणि सासूबाईंना दिसू नये म्हणून पहिली फाइल कपाटाच्या वरच्या कप्प्यात. लपवण्यामागची कारणं समजतात. पण गायनॅकना माहीत हवंच. या गोळ्यांनी प्रसूतीनंतरचा रक्तस्राव किंचित वाढू शकतो, उलटीवरची काही औषधं एसिटालोप्रॅमबरोबर जपून द्यावी लागतात, आणि जन्मानंतर बाळाला दोन-तीन दिवस नीट पाहावं लागतं. शेवटच्या महिन्यांत औषध घेतलेल्या आयांची साधारण ३० टक्के बाळं सुरुवातीला किरकिरी असतात, थरथरतात, दूध नीट पीत नाहीत. बहुतेकांचं काही दिवसांत आपोआप ओसरतं. बालरोगतज्ज्ञांना आधी कल्पना असली की उगाच तपासण्यांचा भडिमार होत नाही. हे टाळायला नवव्या महिन्यात गोळी थांबवणं मात्र उलटं पडतं, कारण आजार उलटण्याचा सर्वांत नाजूक काळ त्यानंतरच सुरू होतो.

आणखी एक गोष्ट, जी जोडपी कुणालाच सांगत नाहीत. या गोळ्यांनी इच्छा कमी होते, समाधान उशिरा होतं. नवऱ्याची गोळी चालू असेल तर त्याचंही वीर्यपतन लांबतं. महिनोन्‌महिने प्रयत्न फसत असतील तर वंध्यत्वाच्या महागड्या तपासण्यांआधी हे सांगून टाका.

बाळंतपणाला माहेरी गेली, चिठ्ठी सासरीच राहिली

पुण्यातले डॉक्टर, बाळंतपण लातूरला. आठव्या महिन्यात गोळ्या संपतात, तिथला मेडिकलवाला चिठ्ठीशिवाय देत नाही, आईला मुळात काही माहीतच नसतं. निघताना दोन-तीन महिन्यांचं औषध, घटकाचं नाव आणि डोस लिहिलेली चिठ्ठी, आणि सायकियाट्रिस्टची फोनवरची अपॉइंटमेंट ठरवूनच निघा. अंगावर पाजायचं म्हणून गोळी बंद करायची गरज बहुधा पडत नाही. सर्ट्रालीन आणि पॅरोक्सेटीन दुधात अगदी कमी उतरतात, फ्लुओक्सेटीन शरीरात आठवडेच्या आठवडे रेंगाळत असल्याने थोडं जास्त. पण ज्या गोळीवर नऊ महिने ठीक होतात ती बाळंतपणानंतर पाजण्यासाठी म्हणून बदलू नये, हा साधारण नियम.

घरातल्या एका तरी माणसाला, नवरा असो की आई, काय बघायचं ते सांगून ठेवा. बाळ झोपलेलं असतानाही बाळंतिणीला झोप लागत नाही, बाळाचा श्वास चालू आहे का हे ती रात्रभर उठून बघते, नको नको ते विचार येतात असं म्हणते. यातलं काही सलग दिसलं तर सव्वा महिना संपायची वाट बघायची नाही, डॉक्टरांना फोन करायचा. स्वतःला किंवा बाळाला काही करण्याचा विचार तिने बोलून दाखवला, किंवा ती असंबद्ध बोलू लागली, तर तिला एकटं न सोडता त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं. रात्री कुणाशी बोलायचं सुचलं नाही तर केंद्र सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन, १४४१६, चोवीस तास चालू असते आणि तिथे मराठीत बोलता येतं.