पाळीत अंगावरून जास्त जातं? जेवणानंतरची कटिंग लांबवा

पाळीत अंगावरून फार जात असेल तर शरीरातलं लोह घटतं. दादरचा पूल चढताना लागणारी धाप दर वेळी गर्दीमुळेच नसते. डब्यातल्या मटकीच्या उसळीवर लिंबाची फोड पिळाच. क जीवनसत्त्वामुळे लोह चांगलं शोषलं जातं. त्यावर लगेच कटिंग मात्र नको, चहा लोहाला अडवतो. तासभर थांबा. (मला हेच सगळ्यात जड गेलं.)

अशोकारिष्ट घरोघरी घेतात, पण कारण फायब्रॉइडचं (गर्भाशयातल्या गाठीचं) असेल तर नुसत्या काढ्यावर महिने घालवू नका. तासातासाला पॅड भिजत असेल, रक्ताच्या मोठ्या गाठी पडत असतील किंवा पाळी 7 दिवसांपुढे लांबत असेल, तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा, हिमोग्लोबिन तपासा. 12च्या खाली म्हणजे ॲनिमिया.