पावसाळ्यात थंड होल्डर लावताना

जुलैत पाषाणला आमच्या प्रयोगशाळेच्या काचा एसीमुळे बाहेरून पाणावतात. हवेतला तोच दमटपणा टीईएममधल्या (नमुन्याच्या आरपार इलेक्ट्रॉन पाठवणाऱ्या मायक्रोस्कोपमधल्या) थंड नमुन्यावर बर्फ होऊन बसतो. बेरियम टायटनेट या सिरॅमिकवर काम करताना या बर्फापायी माझा अख्खा दिवस गेला होता, म्हणून माझी पद्धत सांगते.

हे सिरॅमिक थंड करायचं कशासाठी? साधारण ५ अंश सेल्सिअसला त्याच्या स्फटिकाची टेट्रागोनल रचना बदलून ऑर्थोऱ्हॉम्बिक होते आणि उणे ९०च्या आसपास ऱ्हॉम्बोहेड्रल. दर वेळी डोमेनच्या (एकाच दिशेचं विद्युत ध्रुवीकरण असलेल्या भागांच्या) भिंती नव्याने आखल्या जातात, आणि ते डोळ्यांदेखत बघायला मिळतं!

नमुना नेहमीसारखाच. ३ मिलिमीटरची चकती घासून पातळ करायची, मग आर्गॉन आयनांनी भोक पडेपर्यंत झिजवायची. पदार्थ विद्युतरोधक आहे, त्यावर विद्युतभार साचतो, म्हणून वर कार्बनचा अगदी पातळ थर द्या.

होल्डरचा (नमुना धरणाऱ्या दांडीचा) ड्यूअर, म्हणजे द्रव नायट्रोजनचा थर्मास, आदल्या रात्री पंपाला लावून ठेवा. नायट्रोजन भरल्यावर त्याला बाहेरून घाम फुटला, तर त्याचं व्हॅक्यूम गेलं समजा. नमुना कोरडा असतो, त्यामुळे होल्डर खोलीच्या तापमानालाच आत घाला. आता आधी मायक्रोस्कोपचा कोल्ड ट्रॅप द्रव नायट्रोजनने भरा, म्हणजे आतली वाफ तिथे गोठेल. व्हॅक्यूम स्थिरावलं की मगच होल्डरमध्ये नायट्रोजन ओता, थोडा थोडा. मी हा क्रम उलटा केला होता. तासाभरात डोमेनवर दाणेदार साय चढली. शंका आली तर डिफ्रॅक्शन (इलेक्ट्रॉन विखुरून उमटणारी ठिपक्या-वलयांची आकृती) घ्या. बारीक दाण्यांची नवी वलयं दिसली तर तो बर्फ.

नायट्रोजन जोरात उकळतो तोवर चित्र सरकत राहतं. अर्धा तास थांबा, घाईत काढलेले फोटो कामाचे नसतात. थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) होल्डरच्या टोकाशी असतो, इलेक्ट्रॉनच्या बीमखालच्या जागेवर नाही, त्यामुळे बीमने तिथे आलेली ऊब तो दाखवत नाही. म्हणून बीम पसरट ठेवा. थंड करताना आणि पुन्हा तापवताना बदल एकाच आकड्याला होत नाही, तेव्हा दोन्ही नोंदी हव्यातच.

उणे १९६ अंशांच्या या द्रव नायट्रोजनचा वायू होताना तो सुमारे ७०० पट फुगतो आणि लहान खोलीतला ऑक्सिजन हटवतो. ऑक्सिजन मीटर चालू, दार उघडं, डोळ्यांवर गॉगल, हातमोजे सैल. एसीची हवा जाते म्हणून दार लावणाऱ्याला मी कामाला बसू देत नाही.

काम संपल्यावर होल्डर हीटरने ३० अंशांवर आणल्याशिवाय बाहेर ओढू नका. पुण्याच्या पावसाळी हवेत त्याचं थंड टोक क्षणात ओलं होतं, आणि तो ओलावा पुढच्याच्या नमुन्याबरोबर आत जातो.