परदेशी शिकायला निघालेल्या पोराला विमानतळावर सोडताना

सोडायला जाणाऱ्यांपैकी एकाच्या हातात रिकामी पिशवी असू द्या. काउंटरवर बॅग जास्त भरली की जे काढावं लागतं ते याच पिशवीतून घरी परत येतं. पिशवी नसेल तर वह्या आणि बुटांचा जोड कुणाच्या तरी काखेत, नाहीतर जादा वजनाचे पैसे.

त्याआधी तारीख बघा. लांब पल्ल्याची बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात आणि घोटाळा तिथेच होतो. तिकिटावर १५ तारीख आणि वेळ ००:४० असेल, तर घरातून १४ तारखेच्या संध्याकाळी निघायचं. १५च्या रात्री पोचलात तर विमान जाऊन जवळजवळ चोवीस तास झालेले असतात. सुटायच्या वेळेआधी साडेतीन तास टर्मिनलच्या दारात, असा हिशेब धरा. सामान घेणारे काउंटर बहुतेक कंपन्या तासभर आधी बंद करतात, मग कितीही गयावया केली तरी उपयोग नसतो. टर्मिनल कोणतं, तेही निघताना पुन्हा एकदा तपासा.

आता वजन, कारण सगळ्यात जास्त रडारड इथेच होते. तिकिटावर ‘२ नग, प्रत्येकी २३ किलो’ असेल तर बेरीज ४६ झाली म्हणून भागत नाही. एक बॅग २० आणि दुसरी २६ भरली, तर २६ वाली जादाच धरतात. काही तिकिटांवर नगाऐवजी एकूण वजन दिलेलं असतं, तिथे ही अडचण नाही. पण ३२ किलोंवरची एक बॅग सहसा कुठेच घेत नाहीत. ती शेवटी माणसांनाच उचलायची असते.

घरी मोजायला हुकाचा ताणकाटा उत्तम. नसेल तर माणसाच्या वजनकाट्यावर एकदा बॅग उचलून उभं राहायचं आणि एकदा बॅगेशिवाय. फरक म्हणजे बॅगेचं वजन. नुसती बॅग काट्यावर ठेवू नका. तिची एखादी कड जमिनीला टेकते आणि आकडा कमी दिसतो. घरचा काटा थोडा इकडेतिकडे दाखवतोच, म्हणून २३ची मर्यादा असेल तर २२वर थांबा. जास्त भरलंच तर आधी काय काढायचं हेही घरीच ठरवा आणि त्या वस्तू वर, चेनलगत ठेवा. तसं केलं नाही तर काउंटरसमोर फरशीवर बॅग उघडी, सगळं घर गुडघ्यांवर आणि मागे रांग. जड वस्तू हातातल्या बॅगेत ढकलणं हा उपाय प्रत्येक वेळी चालत नाही, तीही मोजणाऱ्या कंपन्या आहेत.

कागदांची फाइल हातातल्या बॅगेतच: पासपोर्ट, व्हिसा, प्रवेशपत्र, फीची पावती, राहण्याची जागा ठरल्याचा कागद, मूळ गुणपत्रिका. औषधं मूळ वेष्टनात, डॉक्टरच्या चिठ्ठीसकट. पोचायचा पत्ता कागदावर लिहिलेला असू द्या आणि सोबत एक पेन. उतरल्यावर फॉर्म भरताना नेमका फोन बंद पडलेला असतो. पॉवर बँक आणि सुट्या बॅटऱ्या मोठ्या बॅगेत चालत नाहीत. लिथियमने पेट घेतला तर केबिनमध्ये तो विझवता येतो, खाली सामानाच्या कप्प्यात तिथवर कुणी पोचत नाही. मर्यादा १०० वॅट-अवरची, म्हणजे बॅटरीत मावणाऱ्या विजेच्या मापाची. २०,००० एमएएचची नेहमीची पॉवर बँक ३.७ व्होल्टने ७४ वॅट-अवर भरते, ती चालते. द्रव पदार्थ हातातल्या बॅगेत असतील तर बहुतेक ठिकाणी १०० मिलीची बाटली हीच हद्द आहे, आणि बघतात ते बाटलीचं माप. २०० मिलीच्या बाटलीत तळाशी उरलेलं तेलही काढून घेतात.

घरचा मोबाइल नंबर चालू ठेवा आणि निघण्याआधी त्यावर रोमिंग सुरू करून घ्या. बँकेचा ओटीपी त्यावरच येतो आणि कित्येक विमानतळांचं वायफायही ओटीपी मागतं.

काउंटरवर बोलू द्यायचं ते पोरालाच. तुम्ही एकच गोष्ट बघा: बॅगेला लावलेल्या पट्टीवर तीन अक्षरी कोड शेवटच्या शहराचा आहे ना. जुन्या प्रवासाची पट्टी राहिली असेल तर ती आधीच फाडा, तिच्यामुळे बॅग भलतीकडे जाते. पुढच्या विमानाचा बोर्डिंग पासही इथेच मिळतो का आणि सामान मध्ये कुठे उचलावं लागेल का, हे पोराने विचारायचं. अमेरिकेत शिरताना साधारणपणे पहिल्याच विमानतळावर बॅगा घेऊन कस्टम्समधून जावं लागतं आणि मग त्या पुन्हा सोपवायच्या असतात. सामानाच्या पावतीचा आणि बॅगांचा एकेक फोटो काढून घरच्यांना पाठवायला सांगा. बऱ्याच विमानतळांवर बिनतिकिटाच्या माणसाला आत सोडतच नाहीत. तिथे ही यादी आधी घरीच समजावून ठेवा.

निरोप घरी घ्या, फार तर गाडीतून उतरताना. दारात मागून ट्रॉल्यांचा रेटा असतो, तिथे निवांत बोलणं होत नाही. दहा जणांनी जायची तर मुळीच गरज नाही.

पोर आत गेलं की लगेच गाडी काढू नका. इमिग्रेशन आणि सुरक्षा तपासणी पार झाल्याचा निरोप येईपर्यंत थांबा. एखादा कागद तुमच्याकडे राहिलेला निघतो तो याच वेळात. सारखे फोन करू नका, हात मोकळे नसतात. चार निरोप ठरवून घ्या: तपासणी झाल्यावर, मधल्या विमानतळावर, उतरल्यावर, खोलीवर पोचल्यावर.

उतरल्यावर बॅग आली नाही तर सामानाच्या हॉलमधून बाहेर पडण्याआधीच विमान कंपनीच्या काउंटरवर तक्रार नोंदवायची आणि तिचा क्रमांक घ्यायचा. बाहेर पडल्यावर पुन्हा आत येणं अवघड. बॅग फुटलेली मिळाली तर ७ दिवसांत, उशिरा मिळाली तर हाती आल्यापासून २१ दिवसांत लेखी दावा करावा लागतो. तेव्हा तो पावतीचा फोटो लागेल.