ड्यूटी लिस्ट मोजायला बसा

"थकलीस का गं?" हा प्रश्न वॉर्डात नर्सला विचारू नका. उत्तर ठरलेलं असतं, "नाही सिस्टर, ठीक आहे." मेडिसिन वॉर्डात इन्चार्ज म्हणून अकरा वर्षं काढल्यावर सांगते, आधी मागच्या तीन महिन्यांच्या ड्यूटी लिस्ट काढून बसा.

मला हे उशिरा कळलं. आमच्यातली सगळ्यात हुशार मुलगी एका संध्याकाळी लिननच्या खोलीत रडताना सापडली. कारण काय, तर सुई लावायला पेशंटची शीर (व्हेन) मिळेना. महिनाभर आधीपासून तिच्या तोंडी पेशंटसाठी 'आजी' जाऊन खाटेचा 'बारा नंबर' आलं होतं. ओव्हर, म्हणजे पुढच्या पाळीला पेशंटची माहिती देणं, दोन वाक्यांत उरकायची. मी तिला प्राणायाम सुचवला होता, आजही लाज वाटते. लिस्ट मोजल्या तर इतरांच्या नाइट अठरा-वीस आणि हिच्या एकतीस! लेकुरवाळ्या अदलाबदल मागायच्या, ही हो म्हणायची, मी सही करायचे. लग्न झालेलं नाही, हिला घरी काय काम, असं मीही धरून चालले होते. घरी वडिलांचं डायलिसिस चालू होतं.

साधा थकवा दोन झोपा नीट झाल्या की उतरतो. ऑफवरून परत आलेली मुलगी जास्तच तुसडी वाटली, तर प्रकरण वेगळं. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये बर्नआउटच्या तीन खुणा सांगितल्या: अंगातलं त्राण जाणं, कामाविषयी मन विटणं, आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं. त्याला आजार न म्हणता कामाशी जोडलेली अवस्था म्हटलं आहे. म्हणजे तपासायचं काम, मुलगी नव्हे.

मग करायचं काय? अदलाबदल झाली तरी मूळ नाव खोडू नका, शेजारी लिहा, म्हणजे महिनाअखेर कोणी किती ओढलं ते दिसतं. नाइट उतरल्याचा दिवस झोपेचा असतो, तो ऑफमध्ये मोजू नका. इव्हिनिंगनंतर लगेच मॉर्निंग लावू नका. रात्री नऊला सुटलेली बाई घरी जाऊन जेवणार कधी, झोपणार कधी? पहाटे तीन ते पाच डोळे मिटतातच, तेव्हा इन्सुलिनचा डोस दुसऱ्या सिस्टरने पाहिल्याशिवाय द्यायचा नाही. पाळीपाळीने वीस मिनिटं पडायची मुभा मी उघडपणे देते. चोरून घेतलेली डुलकी जास्त धोक्याची.

मुलीशी बोलायचं ते ओव्हरच्या वेळी सगळ्यांसमोर नाही. चहाला बाजूला घ्या आणि विचारा, "या आठवड्यात सलग सहा तास कधी झोपलीस?" याला 'ठीक आहे' म्हणता येत नाही.

रिकाम्या जागा आपल्या हातात नाहीत, त्या भरतील असं खोटं आश्वासन देऊ नका. पण एकच नोंद तीन रजिस्टरांत लिहावी लागत होती, ती मोजून, लागणाऱ्या मिनिटांचा कागद घेऊन मी मेट्रनकडे, म्हणजे नर्सेसच्या प्रमुखांकडे, गेले. एक रजिस्टर बंद झालं. दुसऱ्यासाठी अजून फेऱ्या मारतेय.