बोटीवरच्या पाण्याला पाइपाचा वास येऊ नये म्हणून

जेट्टीवर टाकीत भरलेलं पिण्याचं पाणी दुसऱ्याच दिवशी प्लास्टिकसारखं लागलं, तर आधी पाइप बघा. बागेचा हिरवा पाइप नकोच. 'फूड ग्रेड' छापलेला, अपारदर्शक घ्या. पारदर्शक पाइपात उजेड शिरतो आणि आत शेवाळ धरतं.

पाणी भरून झालं की एक टोक उंच धरा आणि हातावरून सरकवत पाइप पूर्ण रिकामा करा. इंग्रजी 8 च्या आकारात गुंडाळा, पीळ पडत नाही. मग दोन्ही टोकांची कपलिंगं एकमेकांत अडकवा. झुरळ, माती, खारं पाणी, काहीच आत जात नाही. सावलीत टांगा, कोकणातल्या उन्हात पाइप लवकर कडक होतो.

पुढच्या वेळी पहिलं पाणी बाहेर सोडा, मगच टाकीत. डेक धुवायला मात्र हा पाइप कुणालाही देऊ नका.