एकाच फ्लॅटमध्ये मोडणारा संसार : चित्रीकरणाआधीची तयारी

नवरा-बायको वेगळे होतात आणि शेवटी घर रिकामे होते, अशी कथा एकाच फ्लॅटमध्ये चित्रित करायची असेल, तर पुढची तयारी आधी करावी. कॅमेरा, दिवे, जेवण आणि गाड्या यांचीही आठवण करून द्यावी लागत असेल, तर चित्रपट वर्षभर पुढे ढकललेला बरा. जागेच्या बाबतीत मात्र घरमालकाच्या तोंडी होकारावर विसंबू नये. त्याच्याशी लेखी करार करावा आणि सोसायटीचे ना हरकत पत्र घ्यावे, कारण नवरा-बायकोच्या भांडणाचा प्रसंग रात्री सुरू झाला की खालच्या मजल्यावरचे कोणीतरी वर येतेच.

त्यानंतर रूम टोन, म्हणजे कोणी बोलत नसतानाचा खोलीचा स्वतःचा आवाज. संवाद जागेवरच मुद्रित करणार असाल, तर प्रत्येक खोलीची निदान मिनिटभराची शांतता त्याच माइकवर, दिवे चालू आणि माणसे जागच्या जागी उभी असताना मुद्रित करावी. मागच्या वेळी आमच्याकडून नेमके हेच राहिले. अशा कथेत शेवटी कपाटे जातात, पडदे उतरतात आणि खोलीचा आवाजच बदलतो. रिकाम्या दिवाणखान्यातली घुमणारी शांतता भरल्या घरातल्या जेवणाच्या प्रसंगात दोन वाक्यांमध्ये भरली, तर ठिगळ लगेच ऐकू येते. म्हणून सामान हलवण्याआधी रूम टोन घ्यावा. फ्रिजची घरघर मुद्रित होऊ नये म्हणून तो बंद करून गाडीची किल्ली त्यातच ठेवावी, म्हणजे तो पुन्हा चालू केल्याशिवाय कोणी घरी जाणार नाही. ‘पॅकअपनंतर घेऊ’ असे कोणी म्हटले तर मुळीच ऐकू नये, कारण पॅकअपनंतर कोणीही मिनिटभर गप्प उभे राहत नाही.

भरल्या घरातले सगळे प्रसंग आधी आटोपावेत. कथेत चौदा वर्षांखालील मूल असेल, तर जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी वेळेत काढावी. बालकामगारविषयक २०१७ च्या नियमांनुसार त्याला दिवसाला ५ तासांहून अधिक आणि विश्रांतीशिवाय ३ तासांहून अधिक काम देता येत नाही, शिवाय त्याच्या कमाईतील किमान २० टक्के रक्कम त्याच्या नावे मुदत ठेवीत ठेवावी लागते. त्यामुळे मूल असलेले शॉट आधी घ्यावेत आणि मोठ्यांचे क्लोजअप मूल घरी गेल्यावर. ताटातली उष्टी भाजी, वाढलेली दाढी, गळ्यातले मंगळसूत्र यांचे फोटो प्रत्येक शॉटनंतर काढावेत, म्हणजे पुढच्या शॉटमध्ये सगळे जुळते.

रोजचे चित्रण दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर घ्यावे. संकलन, रंगकाम आणि ध्वनिमिश्रणाचे पैसे आधीच बाजूला काढावेत. सेन्सॉरचा अर्ज, उपशीर्षके, महोत्सवांच्या तारखा यांसाठी एक माणूस नेमावा आणि त्याला दुसरे काम सांगू नये. संकलकाकडे फाइल्स पाठवताना रूम टोनच्या फाइल्सना खोलीचे नाव आणि ‘सामानासह’ किंवा ‘रिकामी’ अशी खूण घालावी.