तहान, भूक, झोप यांनाच प्रार्थनेची वेळ कशी बनवायची (ठाणे-नवी मुंबईतल्या धावपळवाल्यांसाठी)

सकाळी सहाला ठाण्याहून पनवेल लोकल पकडणाऱ्या माणसाला "रोज तासभर शांत बसून मनन कर" असं सांगून काही होत नाही, तो बिचारा दोन दिवस करतो आणि मग वर्षभर आपण विश्वासात कमी पडलो म्हणून कुढत बसतो. त्यापेक्षा शरीर दिवसभरात कितीतरी वेळा आपल्याला थांबवतंच की, तहान लागते, भूक लागते, जांभया येतात, त्या थांबण्यालाच प्रार्थना जोडायची. प्रभू येशूने स्वतः शिकवताना पाणी, भाकर, वस्त्र हेच विषय घेतलेत, आणि त्याला स्वतःलाही ते लागायचं हे आपण विसरतो. बायबलमध्ये योहान ४ मध्ये तो चालून दमलाय, भर दुपारी याकोबाच्या विहिरीवर बसलाय आणि शोमरोनी बाईकडे पाणी मागतोय. वधस्तंभावरही "मला तहान लागली आहे" म्हणाला. म्हणजे शरीराची गरज ही भक्तीच्या आड येणारी गोष्ट आहे असं मानायचं काही कारण नाही.

एक सूचना आधीच, सगळं एकदम सुरू करू नका. एका आठवड्याला एकच गरज घ्या.

पाण्यापासून सुरुवात करा, सोपं आहे. सकाळचा पहिला ग्लास उभ्याउभ्या घटाघट न पिता बसून प्यायचा, अर्धा झाला की थांबायचं आणि योहान ४ चं १४ वं वचन आठवायचं, जिवंत पाण्याचं. पाठ नसेल तर नुसतं "प्रभू, आजचं पाणी तुझ्याकडून" एवढं म्हटलं तरी पुरे. नवी मुंबईत हे पाणी मोरबे धरणातून येतं, ठाण्यात भातसा-बारवीकडून, आणि शटडाउनच्या दिवशी घोडबंदरला टँकरची वाट बघणाऱ्याला याचं मोल वेगळं सांगायला नको. पण स्वतः पिऊन झालं की काम अर्धंच झालं. मत्तय १०:४२ मध्ये थंड पाण्याच्या नुसत्या एका प्याल्याचाही हिशोब ठेवलाय, त्यामुळे एप्रिल-मेमध्ये एक बाटली जास्तीची भरून ठेवायची, पार्सलवाला मुलगा, वॉचमन, कचरा न्यायला येणाऱ्या मावशी, त्यांना आपण होऊन विचारायचं. मागितल्यावर देणं वेगळं, विचारून देणं वेगळं.

ठाण्याचं ऊन काय चीज आहे हे ख्रिस्ती इतिहासातच नोंदलंय बरं का. १३२१ साली चार फ्रान्सिस्कन धर्मबंधू इथे विश्वासासाठी मारले गेले, तोलेंतिनोचा थॉमस आणि त्याचे साथीदार, आणि नंतर इथे आलेल्या ओडोरिक नावाच्या प्रवाशाने लिहून ठेवलंय की मारण्याआधी त्यांना भर उन्हात उभं केलं होतं आणि ते तिथे देवाची स्तुती करत राहिले. तलावपाळीला सेंट जॉन बाप्टिस्ट चर्चमध्ये मिस्साला जाणाऱ्या किती जणांना हे माहीत असतं कोण जाणे, संडे स्कूलमध्ये तरी सांगायला हवं.

आता भाकर, इथे जरा जास्त वेळ घालवा कारण शास्त्रातही या विषयावर भरपूर आहे. ऑफिसात डबा उघडल्यावर डोळे मिटून मोठ्याने प्रार्थना करायला बरेच जण लाजतात, ठीक आहे, झाकण उघडलं की पहिल्या घासाआधी प्रभूच्या प्रार्थनेतली रोजच्या भाकरीची तेवढीच ओळ मनात म्हणा. आणि म्हणताना ज्याने डबा भरला आणि जिथून धान्य आलं ते आठवा, तुर्भ्याच्या एपीएमसीत, म्हणजे घाऊक बाजारात, पहाटे पोती वाहणारा माथाडी आपल्याला कधी दिसत नाही पण आपल्या पोळीत त्याचे कष्ट आहेत.

मग निर्गम १६ वाचा, अख्खा अध्याय. रानात इस्राएली लोकांसाठी मान्ना, म्हणजे आकाशातून मिळणारं अन्न, पडायचा तेव्हा माणशी एक ओमर, म्हणजे साधारण दोन लिटरचं माप, तेवढाच गोळा करायचा, आणि ज्यांनी उद्यासाठी साठवला त्यांच्या मान्न्यात किडे पडले, वास मारायला लागला. आपला फ्रिज म्हणजे त्याच अध्यायाची प्रॅक्टिकल परीक्षा आहे, शुक्रवारी रात्री उघडून बघा मागे काय काय बुरसलंय ते. नियम असा करा की आधीचं संपल्याशिवाय नवीन भाजी आणायची नाही, आणि जास्तीचं ताजं असतानाच शेजारी किंवा कामवाल्या ताईंना द्यायचं, शिळं झाल्यावर नाही. त्याच अध्यायात सहाव्या दिवशी दुप्पट गोळा करून, भाजून-शिजवून ठेवायला सांगितलंय म्हणजे विसाव्याच्या दिवशी चूल नको. आपल्याकडे काय होतं, रविवारी उपासनेहून आल्याआल्या घरातली बाई साडी खोचून मटणाला लागते आणि बाकीचे मोबाईल बघत पंख्याखाली, हा कुठला विसावा? शनिवारी रात्रीच वाटण करा, मटण शिजवून ठेवा, आणि सगळ्यांनी करा. "आम्हाला जमत नाही" म्हणणाऱ्या पुरुषांनी योहान २१ वाचावा, पुनरुत्थित प्रभूने किनाऱ्यावर स्वतः कोळशावर मासे भाजून शिष्यांना न्याहारीला हाक मारली.

झोपेबद्दल माझं मत जरा कडक आहे, दमलेल्या माणसाने रात्री ओढूनताणून लांब प्रार्थना करू नये. १ राजे १९ मध्ये एलीया संदेष्टा रतामाच्या झाडाखाली "आता पुरे, माझा प्राण घे" म्हणून पडलाय, तर देवदूत त्याला उपदेश देत नाही, ऊठ आणि खा म्हणतो. भाकर आणि पाणी, परत झोप, परत भाकर आणि पाणी, आणि मग कुठे चाळीस दिवसांची होरेब डोंगराची वाट. तसंच करा, जेवा, फोन हॉलमध्ये चार्जिंगला लावा, अंथरुणावर पडून स्तोत्र ४ चं शेवटचं वचन म्हणा आणि झोपा, मध्येच डोळा लागला तर देव रागावत नाही. ऐरोलीच्या आयटी पार्कात नाइट शिफ्ट करणाऱ्यांनी हेच सकाळी आठला करायचं, पडदे ओढून, वादळात होडीत उशीवर डोकं ठेवून झोपलेला प्रभू आठवायचा. आणि आठवडेच्या आठवडे झोप लागत नसेल तर सरळ डॉक्टरकडे जा, "विश्वास कमी पडला" असं कुणी म्हणालं तर ऐकू नका.

श्वास लोकलसाठी ठेवा. घ्यायच्या श्वासाला "प्रभू येशू ख्रिस्ता", सोडायच्या श्वासाला "माझ्यावर दया कर", पूर्वेकडच्या ख्रिस्ती मठांमधली ही फार जुनी पद्धत आहे, ती रबाळे ते तुर्भे दारात लटकतानासुद्धा जमते. दमा असेल तर श्वास रोखून धरू नका, नेहमीच्याच लयीत चालू द्या.

कपड्यांचं थोडक्यात, पाऊस सुरू व्हायच्या आधी कपाट उघडा, चांगले रेनकोट-चादरी वेगळ्या काढा, फाटक्या नाही. बायबलच्या अनुवाद नावाच्या पुस्तकात, २४ व्या अध्यायात, गरिबाचं गहाण ठेवलेलं पांघरूण सूर्य मावळायच्या आत परत द्यायला सांगितलंय, म्हणजे त्याच्या रात्रीच्या थंडीचाही विचार केलाय.

उपासकाळात, म्हणजे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांत, हेच सगळं उलट करून बघा, एक वेळचं जेवण सोडा, पण शुगरवाल्यांनी, गरोदर बायकांनी आणि गोळ्या चालू असणाऱ्यांनी सोडू नये, त्यांनी चहाबरोबरचा फरसाण सोडला तरी चालेल. यशया ५८ मध्ये उपास कसला हवा ते स्पष्ट लिहिलंय, आपली भाकर भुकेल्याला वाटून दे, उघड्याला पाहून वस्त्र दे. त्यामुळे सोडलेल्या जेवणाचे पैसे एका डब्यात टाका, आणि ते कुणाला द्यायचे हे उपासकाळ सुरू होतो त्या राखेच्या बुधवारीच ठरवून ठेवा, नाहीतर ईस्टरला ते हमखास आपल्याच मटणात जातात.